निदान रेषा

माझं नाव सुकुमार आणि आवाज असा, की मैदानावर स्पीकर बंद पडला तरी सामना अडत नाही. बारशाला नाव ठेवणाऱ्या आत्तीला याचा काही अंदाज नव्हता. मी कबड्डीचा निवेदक. सांगली, कोल्हापूर, सातारा, जिथं म्हणून मॅट अंथरली जाते तिथले लोक आधी विचारतात, "माईकवर पलूसचे चौगुले हायत का?" आणि मग संघ कुठले ते विचारतात. यात थोडी फुशारकी आहे, ती धरूनच चाला. ही सगळी गोष्टच फुशारकीची आहे. ती कुठं नडली ते सांगतो.

मला बायपोलर आहे. म्हणजे मनाला दोन टोकं आहेत आणि मी अधूनमधून या नाही तर त्या टोकाला जाऊन बसतो. एका टोकाला अंथरुणातून उठवत नाही. दुसऱ्या टोकाला झोप लागत नाही, भूक लागत नाही आणि आपल्याइतका शहाणा माणूस जिल्ह्यात झाला नाही असं वाटतं. हे दुसरं टोक जास्त वाईट, कारण तिथं फार छान वाटतं. सात वर्षांपूर्वी त्या टोकावर असताना मी बायकोला, त्रिशलाला, मोटरसायकलवर मागं बसवलं आणि तासगाव रस्त्यावर दोन्ही हात सोडून तिला सामना ऐकवला. मला नुसतं खरचटलं. तिचा डावा हात कोपरातून तेव्हापासून पुरता सरळ होत नाही. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. खडूचा हात उजवा म्हणून निभावलं, असं ती लोकांना सांगते आणि हसते. मला तेव्हा कुठं बघावं कळत नाही.

त्यानंतर गोळ्या आल्या, आणि चार वर्षांपूर्वी 'कल' आला.

'कल' म्हणजे तीन वस्तू. मनगटावर एक पट्टी, फोनमध्ये एक अॅप आणि दंडात कातडीखाली बसवलेला तांदळाएवढा दाणा. पट्टी नाडी, घाम आणि झोप मोजते. पावलंही मोजते, पण किती टाकली ते नव्हे, कशी टाकली ते. फोन बोलणं ऐकतो आणि शब्द मात्र ऐकत नाही. दोन शब्दांमध्ये किती जागा सुटली, आवाज किती चढला, वेग किती वाढला, एवढंच तो टिपतो. मी माईकवर असलो की त्याला ते कळतं आणि तेवढा वेळ तो कान झाकून घेतो. नाही तर माझा रोजच निकाल लागला असता. सांगलीच्या डॉक्टर नाझनीन मुजावर, ज्यांनी मला हे बसवलं, त्या म्हणाल्या होत्या, "मन बिघडायच्या आधी आठवडाभर शरीर बिघडतं, चौगुलेकाका. माणसाला पत्ता नसतो. त्याच्या चालण्याला असतो."

पहिले नव्वद दिवस यंत्र नुसतं बघत बसतं आणि त्यातून तुमची स्वतःची अशी एक नेहमीची पातळी ठरवतं. त्याच्या वर एक रेषा आखतं. पट्टीवरचा दिवा रेषेखाली हिरवा, रेषेवर पिवळा. तुम्ही सलग छत्तीस तास रेषेच्या वर राहिलात, तर दिवा लाल होतो आणि तुम्ही नेमलेल्या माणसाच्या फोनवर इशारा जातो. या माणसाला अॅपमध्ये पाठराखा म्हणतात. माझी पाठराखीण त्रिशला. इशारा आला की तिच्या फोनवर एक बटण जागं होतं, एरवी ते झोपलेलं असतं. तिनं ते दाबलं की दंडातला दाणा उघडतो, औषध रक्तात उतरतं आणि माणूस दोनेक तासांत जमिनीवर येतो.

जीभ मात्र जड होते. दहा दिवस शब्द रांगेत उभे राहतात आणि एकेक करून बाहेर येतात. कारकुनाचं, दुकानदाराचं त्यात चालून जातं. निवेदकाचं काय होत असेल, तुम्हीच बघा. चार वर्षांत त्रिशलानं दोनदा बटण दाबलं. दोन्ही वेळा तिचं बरोबर होतं आणि दोन्ही वेळा माझा हंगाम गेला.

आता माझी चूक. ती कबड्डीवाल्याखेरीज कुणी करणार नाही.

कबड्डीच्या मैदानात मध्यरेषेपलीकडे एक रेषा असते, तिला निदान रेषा म्हणतात. चढाईला गेलेल्यानं निदान, म्हणजे कमीत कमी, तिथवर तरी जायचंच. कुणाला शिवला नाही आणि ती रेषाही ओलांडली नाही, तर तो बाद. ओलांडून दम टिकवून परत आला, की शाबूत. पहिल्या वेळी मुजावर मॅडम गंभीर होऊन म्हणाल्या होत्या, "तुमचं निदान झालेलं आहे," तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं सगळ्यात आधी मैदानच आलं होतं. मग अॅपमध्ये ती रेषा बघितली आणि मी तिचं नाव निदान रेषा ठेवून टाकलं. नाव ठेवल्यावर नियमही तोच लागू झाला, माझ्या डोक्यात. ओलांडायची. परत यायचं. त्यात गुन्हा कसला?

आणि खरं सांगतो, रेषेच्या जरा वर माझी जीभ जी चालते, ती खाली कधी चालत नाही.

दिवाळी झाली, हंगाम सुरू झाला. कुरुंदवाडच्या स्पर्धेत तिसऱ्या दिवशी मी फोन बघितला तर रेषेच्या वर एकतीस तास झालेले. पाच तास राहिले होते आणि उपांत्य सामने बाकी होते. मी तिथल्या शाळेच्या एका वर्गात गेलो, खिडक्या लावल्या, डोक्यावर ओला पंचा टाकला आणि बाकावर आडवा झालो. एक शब्द बोललो नाही. श्वास मोजत राहिलो. पाऊण तासानं आलेख खाली झुकला, दहा मिनिटं रेषेखाली राहिला आणि छत्तीस तासांचं घड्याळ शून्यावर आलं. दिवा हिरवा. मी पंचा झटकून उठलो आणि त्या दुपारी असा बोललो, की हरलेल्या संघाचा कप्तान येऊन माझ्या पाया पडला.

मग सवयच लागली. दर दीड दिवसाला एक परत येणं. कधी मंडपामागं, कधी एसटीत शेवटच्या सीटवर, कधी घरात न्हाणीघरात बादलीत पाय बुडवून. त्रिशलाच्या फोनवर इशारा जायचाच नाही. डिसेंबरात अकरा स्पर्धा केल्या. जानेवारीत तर परत यायची गरजही कमी पडायला लागली. दिवा आपला आपणच हिरवा राहायला लागला. मी म्हटलं, बघा, सरावानं काय होतं. चार तास झोप पुरायला लागली, मग तीन. मी मैदानाच्या इतिहासावर पुस्तक लिहायला घेतलं, निवेदकांची संघटना काढली, तिची घटना लिहिली, दारातल्या फरश्या उखडून नव्या पद्धतीनं बसवायला काढल्या. सगळं एकाच आठवड्यात.

त्रिशला बघत होती. एका संध्याकाळी ती दिवस मावळायच्या आत जेवायला बसली. आम्ही जैन, ती नेम पाळते, मी सोयीनं पाळतो. मी उभ्या उभ्याच भाकरी मोडत तिला संघटनेची घटना वाचून दाखवत होतो.

"तुम्ही बरे नाही," ती म्हणाली.

मी मनगट तिच्या ताटापुढं धरलं. "कुठला रंग हाय?"

"हिरवा."

"मग?"

"मला दिसतंय की."

"तुला दिसतंय. यंत्राला दिसत न्हाई. शास्त्र मोठं का तू मोठी? तू मास्तरीण हायस, त्रिशला, दुसऱ्याच्या चुका काढायची सवय हाय तुला."

असं मी बोललो. तिनं ताट बाजूला सारलं, आणि दिवस मावळला म्हणून मग ती जेवलीच नाही. मी उरलेली घटना वाचून पुरी केली.

फेब्रुवारीत आप्पा कणसे घरी आले. आप्पा म्हणजे जिल्ह्यातल्या कबड्डीचे वडीलधारे. माझ्या हातात पहिला माईक त्यांनीच दिला. ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, "राज्य अजिंक्यपदाची फायनल सांगलीत घेतोय. रविवारी. सगळीकडं लाईव्ह दाखवणार हायत. माईकवर तूच. दुसऱ्याचं नाव घेतलं तर मैदानाला वाईट दिसंल." मग त्यांनी माझ्या मनगटाकडं बघितलं. "बरा हायस न्हवं?"

"हिरवा," मी म्हणालो.

बावीस वर्षं मी या दिवसाची वाट बघत होतो. आप्पा गेल्यावर मी अंगणात उखडलेल्या फरश्यांवर उभा राहून अख्खा सामना आधीच म्हणून दाखवला, दोन्ही संघांसकट. शेजारचे पाटील टाळ्या वाजवत होते. त्रिशला आत गेली.

शुक्रवारी ती मला न सांगता सांगलीला मुजावर मॅडमकडं गेली आणि शनिवारी सकाळी मॅडमनी आम्हा दोघांना बोलावून घेतलं. मी गेलो, कारण मला माझा आलेख मिरवायचा होता.

मॅडमनी तो भिंतीवरच्या पडद्यावर लावला. दिवाळीपासून डिसेंबरपर्यंत करवतीच्या दातांसारखा. वर, खाली, वर, खाली. जानेवारीपासून दात संपून सरळ, आणि बराच वर.

"माझ्याकडे सहाशे लोक आहेत, काका," मॅडम म्हणाल्या. "माझ्या पडद्यावर फक्त लाल येतात. तुम्ही एकदाही लाल झाला नाहीत, म्हणून मी तुम्हाला पाहिलंच नाही. ती चूक माझी. आता ही रेषा बघा. दिवाळीत कुठे होती?"

"खाली."

"आणि आता?"

मी बघितलं. रेषा स्वतःच वर सरकली होती.

"माणूस बदलतो," त्या म्हणाल्या. "वय वाढतं, काम बदलतं, ऋतू बदलतो. रेषा एकाच जागी ठेवली तर उगाच इशारे येत राहतात. म्हणून यंत्र दर महिन्याला मागचे नव्वद दिवस घेऊन तुमची पातळी नव्यानं ठरवतं. लाल झालेले दिवस ते आजारपणाचे म्हणून वगळतं. तुम्ही लाल होऊ दिलंच नाही. तुमचा सगळा चढ त्यानं तुमचा स्वभाव म्हणून लिहून घेतला. तुम्ही आज जिथे आहात तिथे चार वर्षांपूर्वी असता, तर मी तुम्हाला दवाखान्यात ठेवलं असतं."

मला आत काहीतरी लागलं. पण लागलेलं दाखवेल तो निवेदक कसला. "मॅडम, एवढ्यात मी कुणाला मारलंय? काय मोडलंय? हंगामभर वाहवा घेतलीय."

"मला रेषा जुन्या जागी न्यायची आहे. यंत्र हिरवं दाखवत असताना कायद्यानं मला ते परस्पर करता येत नाही. तुमचा अंगठा लागेल. त्याच क्षणी इशारा जाईल आणि वहिनींना बटण मिळेल."

"आणि उद्याची फायनल?"

मॅडमनी माझ्या फोनवर संमतीची चौकट पाठवली.

"सोमवारी देतो अंगठा," मी म्हणालो आणि उठलो. परतीच्या एसटीत मी त्रिशलाशी बोललो नाही. शेजारच्या अनोळखी माणसाशी पलूस येईपर्यंत बोललो.

घरी आल्यावर दुपारी मी खोलीभर चालत होतो. उद्याची सुरुवात कशी करायची, तुतारी आधी की नाव आधी. त्रिशला पलंगावर बसून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. मॅडमनी माझ्या फोनवर पाठवलेली ती संमतीची चौकट तशीच उघडी होती. तिच्याकडं मी बघत नव्हतो.

"एक सांगू?" ती म्हणाली. "दिवाळीपासून तुम्ही मला काही विचारलं नाही."

"काय विचारलं न्हाई?"

"काहीच. माझ्याबद्दल एक प्रश्न नाही. जेवलीस का, एवढासुद्धा."

"असं कसं हुईल? रोज बोलतोय की आपण."

"तुम्ही बोलताय."

मी चालायचा थांबलो. "बरं, विचारतो. सांग, शाळा कशी चाललीय?"

तिनं तोंड उघडलं. आणि मी म्हणालो, पट कमी झाला असेल, सगळीकडं तेच आहे, मी त्या दिवशी सभापतींना तोंडावर सांगितलं, शाळेत कबड्डी आणा, पट आपोआप वाढतो, तासगावात एका हेडमास्तरनं केलं तर काय झालं ठाऊक आहे का, त्यावरच मी पुस्तकात एक प्रकरण टाकतोय. असं बरंच. मी थांबलो तेव्हा तिच्यापुढचा ढीग संपला होता. सगळ्या घड्या घालून झाल्या होत्या.

"कुठली शाळा?" तिनं विचारलं.

मी हसलो. "कुठली म्हंजे? आपली. वेशीजवळची."

"ती मी डिसेंबरात सोडली. पट कमी पडला म्हणून मला अतिरिक्त ठरवलं. समायोजनात कवठे महांकाळच्या पुढं एका वस्तीशाळेवर टाकलंय. सकाळी सहाची गाडी. दोन महिने झाले."

सकाळी सहाला ती बाहेर पडते हे मी रोज बघत होतो. मला वाटत होतं, ती बस्तीत, आमच्या जैन मंदिरात, दर्शनाला जाते.

"मला का सांगितलं न्हाईस?"

"चारदा सांगितलं. एकदा बदलीचा कागद तुमच्या हातात दिला. त्याच्या मागं तुम्ही संघटनेच्या सभासदांची नावं लिहिली."

मी टेबलावरचे कागद उपसले. सापडला. एका बाजूला जिल्हा परिषदेचा शिक्का, दुसऱ्या बाजूला माझं अक्षर, भराभर, एकावर एक, उजवीकडं चढत गेलेलं. मी मनगट बघितलं. हिरवं. त्या पट्टीला माझ्या बायकोची शाळा बदललेली माहीत असायचं काही कारण नव्हतं. मला होतं. मला फार लाज वाटली आणि तशातही डोक्यात तुतारी आधी का नाव आधी ते चालूच होतं. त्याची भीती मला लाजेपेक्षा जास्त वाटली.

मी फोन घेतला आणि अंगठा टेकवला.

क्षणभरानं तिचा फोन थरथरला. पट्टी लाल झाली. तिनं फोन मांडीवर ठेवला आणि वाकड्या कोपराचा हात त्यावर पालथा घातला.

"उद्या संध्याकाळपर्यंत मी थांबते," ती म्हणाली. "बटण जागं राहतंय. बावीस वर्षं तुम्ही वाट बघितलीय, मला ठाऊक आहे. फायनल करा, घरी या, मग दाबते."

हे ऐकून माझ्या पोटात एवढा आनंद उसळला, की मी खिडकीकडं तोंड फिरवलं. एक दिवस. एकच दिवस होता. मैदान भरलेलं असणार, आप्पा पुढच्या रांगेत बसणार. मला रडू आलं, आणि ते का आलं ते मला नीट कळलं.

"आत्ताच दाब," मी म्हणालो.

"अहो, नीट विचार करून सांगा."

"उद्या मी तुला दाबू देणार न्हाई, त्रिशला. फोन तुझ्या हातात ठेवणार न्हाई मी. आत्ता दाब."

तिनं माझ्याकडं बघितलं. मग दाबलं. दंडात मुंगी चावल्यासारखं झालं, बाकी काही नाही. मी लगेच आप्पांना फोन लावला. "आप्पा, जीभ हाय तवर सांगतो. उद्या मी न्हाई. कोल्हापूरच्या शिर्केला बोलवा, बरा बोलतो." आप्पा पलीकडून बरंच काही बोलले. त्यातलं अर्धं मला लागलं, आणि ते लागायला हवंच होतं.

रविवारी त्रिशलानं फोनवर फायनल लावून दिली. शिर्के बोलत होता. नावं बरोबर घेत होता, चढाया मोजत होता, सगळं वेळेवर. मला तो आवडला नाही आणि त्याचा दोषही काढता येईना. तिसऱ्या लोणाच्या वेळी, समोरचा अख्खा संघ बाद झाला तेव्हा, मैदान उठून उभं राहिलं आणि हा गडी नुसता म्हणाला, लोण. मी फोन बंद केला.

दिवस अजून मावळला नव्हता. तिनं दोन ताटं वाढली. मी खाली बसलो. घोटभर पाणी प्यालो, तरी जीभ टाळ्याला चिकटलेलीच. एक एक शब्द शोधून आणावा लागत होता.

"पोरं... किती हायत... तिथं?"

मी पुढं बोलतोय का, याची ती वाट बघत होती. बराच वेळ बघत होती. भाकरीचा तुकडा तिच्या हातात तसाच होता.

"सतरा," ती शेवटी म्हणाली. मग एकीचं नाव सांगितलं, ती रोज दोन मैल चालत येते. मग गळक्या वर्गाचं सांगितलं, सहाच्या गाडीच्या कंडक्टरचं सांगितलं, पहिल्या दिवशी फाट्यावर उतरून रस्ता चुकल्यावर ती बांधावर बसून रडली होती ते सांगितलं. दिवस मावळेपर्यंत ती सांगत होती आणि मी मध्ये एक शब्द बोललो नाही.

ते औषधानं की मी आपण होऊन, हे मला ठाऊक नाही. तिलाही नसावं, कारण सांगताना ती अधूनमधून माझ्या तोंडाकडं बघत होती. औषधाचा अंमल उतरायला अजून नऊ दिवस आहेत.